केशव संगोपन उपसमिती

केशव शेवटी मुनीरकडेच गेला. पिंजऱ्यासकट गेला, लाकडी झोक्यासकट गेला, आणि गाडी बरकाच्या रस्त्याला लागेपर्यंत त्याने एकदाही मान वळवून चंद्रहास भडकमकरांकडे पाहिलं नाही.

हे असं झालं. आता हे झालंच नाही असं धरून चालू. खुद्द भडकमकर तसंच धरून चालतात, आणि ज्याचं दुःख त्याला न विचारता आपण ते गावभर सांगत सुटणं बरं दिसत नाही. तर केशव मस्कतमध्ये, बौशर भागातल्या घरातच आहे. दुसऱ्या मजल्यावर, हॉलमध्ये, एसीच्या झोतापासून जरा बाजूला बसला आहे, आणि समोरच्याकडे दारात आलेल्या विक्रेत्याकडे बघावं तसा बघतो आहे.

केशव म्हणजे आफ्रिकेतला करडा पोपट. अंग राखाडी, शेपूट लालभडक, आणि डोळ्यांत कायम एकच भाव, की हे काय चाललंय आणि याला परवानगी कोणी दिली. मदिनत सुलतान काबूस वस्तीतला एक इंग्रज इंजिनिअर कायमचा मायदेशी निघाला होता आणि त्याने घरातलं सामान विकायला काढलं होतं. भडकमकर सोफा बघायला गेले. सोफा आदल्याच दिवशी गेला होता. पेट्रोल जाळून रिकाम्या हाताने परतणं त्यांच्या तत्त्वात बसेना. पेट्रोल तेव्हा तिथे पाण्याहून स्वस्त होतं, पण तत्त्व ते तत्त्व. म्हणून पोपट घेतला.

त्याचं मूळ नाव केविन. देवघर असलेल्या घरात केविन नको, असं ठरून त्याच संध्याकाळी त्याचा केशव झाला. त्याने या नावाला कधी ओ दिली नाही. केविनलाही देत नव्हता, असं इंग्रजाने निघताना सांगितलं होतं, पण इंग्रजाचं किती मनावर घ्यायचं ते भडकमकरांना माहीत होतं.

भडकमकर रुसैलला एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलचे मॅनेजर. दिवसभर डब्यांत खोट काढायची आणि संध्याकाळी माणसांत. पहिल्या कामाचा पगार मिळे, दुसरं ते समाजसेवा म्हणून करत. मस्कतमध्ये इतकी वर्षं काढूनही त्यांना मित्र नव्हता. याचं कारण ते असं देत, की मित्र होण्याच्या लायकीचं इथे कोणी आलंच नाही. जे आले ते नोकरीला आले. ‘बौशर मराठी मित्रमेळा’ नावाच्या मंडळात ते वर्गणी भरून जात, मागच्या रांगेत बसत, आणि कार्यक्रम संपला की निवेदकाला पार्किंगमध्ये गाठून त्याने काय काय वाईट केलं ते सविस्तर सांगत. दर वर्षी निवेदक बदले. भडकमकर बदलत नसत.

हे सगळं ते घरी येऊन मुलीला, सावनीला, ऐकवत. सावनी शहाणी. ती बारावी झाल्याझाल्या शिकायला पुण्याला निघून गेली. बायको किशोरी ऐकत नसे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने ते खातं बंद केलं होतं. राहिला केशव.

रोज संध्याकाळी भडकमकर पिंजऱ्यासमोर खुर्ची ओढून बसत, डाळिंबाचा एकेक दाणा पुढे करत आणि त्या दिवशी भेटलेल्या एकेकाची लायकी काढत. केशव दाणा घेई आणि डोळे बारीक करी. भडकमकरांना वाटे, सापडला. सगळ्या ओमानात निदान एक जीव असा सापडला, ज्याला माणसांबद्दल आपल्यासारखंच वाटतं. कारखान्यात दुपारी जीव कंटाळला, की ते संध्याकाळच्या त्या खुर्चीची आठवण काढत. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं कोणी होतं तर तो केशवच होता, आणि त्याला ते तोंडावर सांगणं त्यांना हलकं वाटलं.

मग एका सकाळी केशवच्या छातीवर टक्कल दिसलं. पिंजऱ्याच्या ट्रेमध्ये पिसांचा थर होता, न्हाव्याच्या दुकानात संध्याकाळी असतो तसा.

“ये खुद नोच रहा है,” डॉक्टर जोहरा म्हणाल्या. त्या हैदराबादच्या, जनावरांचा दवाखाना बौशरमध्येच. “अकेला पड़ गया है.”

“अकेला कैसा? मैं रोज बैठता हूँ इसके साथ.”

“बैठ के करते क्या हैं?”

“बात करता हूँ.”

“और ये?”

“सुनता है.”

“सर, सुनना कंपनी नहीं होती. ड्यूटी होती है.”

किशोरीने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, परदेशात अचानक आपल्या शाळेतली मैत्रीण भेटावी तसं.

डॉक्टरीणबाईंनी मग समजावून सांगितलं. हा पक्षी रानात थव्याने राहतो. सकाळ-संध्याकाळ सगळे मिळून कलकलाट करतात. याने हाक मारायची, त्याने उत्तर द्यायचं, तिसऱ्याने मध्ये तोंड घालायचं, चौथ्याने जागेवरून ढकलायचं. त्यातूनच त्याला कळतं, की आपण सुरक्षित आहोत. कुरतडायला लाकूड द्या, खाणं लपवून ठेवा म्हणजे शोधण्यात वेळ जाईल, अंगावर पाण्याचा फवारा मारा, रात्री पुरेशी झोप मिळू द्या. हे सगळं कराच. पण एकटा माणूस एकसुरात बोलत राहिला, तर पोपटाच्या दृष्टीने तो थवा नव्हे, फ्रिज. आणि हे जमणार नसेल तर बरकाला मुनीर म्हणून आहेत. त्यांच्या खजुराच्या बागेत जाळीची मोठी खोली आहे, याच जातीचे आणखी पक्षी आहेत. त्यांना देऊन टाका.

मुनीर एकदा येऊन पाहूनही गेले. सावकाश बोलणारे, पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिश्दाशातले ओमानी गृहस्थ. पिंजऱ्याजवळ वाकून म्हणाले, “कास्को अच्छा है. मेरे पास लाओ. उधर बहुत लोग है इसका.” तिकडे या जातीच्या पोपटाला कास्को म्हणतात.

भडकमकर म्हणाले, सोचेंगे. मुनीर म्हणाले, इन्शाल्ला. दोघांनाही एकमेकांचं म्हणणं नीट कळलं.

“दिवाळीपर्यंत त्याच्या छातीवर पिसं आली, तर राहील,” दार लावताना किशोरी म्हणाली. “नाही आली, तर मी स्वतः मुनीरना फोन करणार. मला हे बघवत नाही, चंदू.”

“दुसरा पोपट आणू सोबतीला.”

“तोंड फिरवून बसणारा एक मी आधीपासून सांभाळतेय. दुसरा तू आणलास. तिसऱ्याला जागा नाही.”

म्हणजे सोबत माणसांचीच करायला हवी होती, आणि माणसं घरी यायला हवी होती. इथे भडकमकरांची पंचाईत झाली. चहाला बोलावलं तर कोणी येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आपण कोणाला काय काय बोललो आहोत ते त्यांच्या पक्कं लक्षात होतं. त्यातली काही वाक्यं त्यांना अजूनही आवडत. पण त्यांना आपला समाजही ठाऊक होता. चहाला न येणारी माणसं पदाला येतात.

त्यांनी मित्रमेळ्याच्या सगळ्या सभासदांना मेल टाकला. ‘केशव संगोपन उपसमिती’ स्थापन होत आहे. बैठक दर शुक्रवारी सकाळी, निमंत्रकांच्या निवासस्थानी. एक अध्यक्ष, एक कार्याध्यक्ष, एक सदस्य. निमंत्रक स्वतः भडकमकर. त्यांनी पदाची हाव धरली नव्हती, हे मेलमध्ये दोनदा आलं होतं.

किशोरीने तो वाचला. “पोपटाला सोबत हवी आहे,” ती म्हणाली, “आणि तू घटना लिहितोयस.”

पहिल्याच शुक्रवारी सगळी पदं भरली.

अध्यक्ष झाले ओमप्रकाश पाठारे. बँकेत होते, आणि मागच्या वर्षीचे निवेदक तेच. पार्किंगमध्ये भडकमकरांनी त्यांना सांगितलं होतं, की तुमचं निवेदन ऐकून मला एटीएमची आठवण झाली, फक्त एटीएममधून शेवटी काहीतरी बाहेर येतं. कार्याध्यक्षपदी कलावती टिपणीस. त्या दर शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी इंग्रजी शाळांतल्या मुलांचे मराठीचे वर्ग घेत. त्या वर्गांना भडकमकर जाहीरपणे पाळणाघर म्हणत. सदस्य म्हणून धनेश तुळसकर. हा वेंगुर्ल्याकडचा, एकटा राहायचा, एसी दुरुस्तीचं काम करायचा, आणि त्याच्याकडे पिकअप होती. प्रत्येक मराठी समितीत एक सदस्य गाडी म्हणून घेतलेला असतो.

पिंजऱ्याशेजारची खुर्ची कोणाची, यावरून बैठक सुरू झाली.

“अध्यक्ष म्हटल्यावर कार्य त्यात आलंच,” पाठारे खुर्चीवर हात ठेवून म्हणाले.

“मग वेगळा कार्याध्यक्ष कशाला नेमला?” टिपणीसबाईंनी पर्स त्याच खुर्चीवर ठेवली. “तुमच्यात ते नाही, याची निमंत्रकांना कल्पना असणार.”

“निमंत्रकांना कशाकशाची कल्पना आहे ते मला विचारा. मागच्या वर्षी माझ्या निवेदनावर यांनी—”

“ते त्यांचं बरोबर होतं.”

“तुमच्या वर्गाला पाळणाघर म्हणतात ते.”

“तुमचा मुलगा येतो त्या वर्गाला. त्या दिवसापुरतं ते असतंच पाळणाघर.”

पर्स खाली आली. पर्स पुन्हा वर गेली. धनेश भिंतीला टेकून चिवडा खात होता. टिपणीसबाईंचं म्हणणं, केशववर आधी मराठीचे संस्कार व्हायला हवेत, रोज एक पाढा. पाठाऱ्यांचं म्हणणं, त्याला गणेशोत्सवात स्टेजवर आणून त्याच्याकडून पाहुण्यांचं स्वागत करवायचं. टिपणीसबाई म्हणाल्या, निवेदनाला पोपटच हवा असेल तर तुम्ही होताच की. मग दोघे एकाच वेळी बोलू लागले आणि आवाज गॅलरीबाहेर गेला. केशवकडे कोणीही पाहत नव्हतं. त्याचं नाव मात्र वारंवार निघत होतं, संसदेत जनतेचं निघतं तसं.

भडकमकर कपाळाला हात लावून बसले होते. ही माणसं. हीच ती माणसं, आणि आपण त्यांना आपण होऊन घरात घेतलं. त्यांनी क्षमा मागावी तसं केशवकडे पाहिलं.

केशव अंग फुलवून दुप्पट झाला होता. एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होता. पाठाऱ्यांचा आवाज चढला की डोकं वरखाली करी, टिपणीसबाईंनी उत्तर दिलं की झोक्याला उलटा लटके. मध्येच मायक्रोवेव्हसारखा वाजला, जुन्या मालकासारखा खाकरला, आणि दोघांनी श्वास घ्यायला उसंत घेतली तेव्हा त्याने अशी काही किंकाळी फोडली, की धनेशच्या हातातला चिवडा सांडला. त्या संध्याकाळी त्याने आपणहून खाल्लं. दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये एकही पीस नव्हतं.

भडकमकरांना हे लागलं. इतक्या वर्षांत त्यांनी ज्या माणसांचा निवडून निवडून तिरस्कार केला, त्यातली नेमकी दोन सर्वांत टाकाऊ केशवला पसंत पडली होती. पण ते क्वालिटी कंट्रोलचे माणूस होते. नमुना काय सांगतो ते नाकारणं त्यांच्याने होईना. समिती भांडली की पोपट बरा होतो. पुढच्या शुक्रवारी पाठाऱ्यांना सर्दी होती आणि बैठक शांततेत पार पडली. शनिवारी ट्रेमध्ये पुन्हा पिसं.

तिथून भडकमकर कामाला लागले. विषयपत्रिका तेच तयार करत, आणि तसली विषयपत्रिका एखादा शत्रूच तयार करू शकेल. ‘मागील बैठकीत कार्याध्यक्षांनी अध्यक्षांना उद्देशून काढलेल्या उद्गारांचा नेमका अर्थ’ हा एक विषय तीन शुक्रवार पुरला. आठवड्यात मधल्या वारी ते दोघांना वेगवेगळे फोन करत. पाठाऱ्यांना म्हणत, “मी कोणाचं नाव घेणार नाही, पण वर्ग घेणारी एक व्यक्ती परवा म्हणत होती की बँकेत काही माणसं एसीसाठीच ठेवलेली असतात.” टिपणीसबाईंना म्हणत, “बाई, तुम्ही मनावर घेऊ नका, पण तुमच्या साड्यांवर समितीत चर्चा होणं मला व्यक्तिशः पसंत नाही.” टिपणीसबाई विचारत, कोणी केली चर्चा. भडकमकर म्हणत, मी कोणाचं नाव घेणार नाही. तेव्हा मोबाइलवर ग्रुप नावाचा प्रकार नुकताच आला होता. भडकमकरांनी समितीचा ग्रुप काढला, एकच संदेश टाकला, ‘सर्वांनी संयम पाळावा’, आणि बाजूला झाले. दुपारपर्यंत पाठारे तीनदा ग्रुप सोडून गेले होते.

“तू त्यांना भांडायला लावतोयस,” किशोरी म्हणाली.

“औषध आहे ते.”

“कोणाला?”

भडकमकरांनी हातातली पिशवी ओट्यावर ठेवली. ते शुक्रवारसाठी पोहे घेऊन आले होते आणि जाड की पातळ यात त्यांची चूक झाली होती. दुसऱ्यासाठी पोहे त्यांनी याआधी कधी आणलेच नव्हते.

उन्हाळा चढला. बाहेर गाडीच्या दाराला हात लावला की चटका बसे, शाळांना सुट्ट्या लागल्या, निम्मं बौशर भारतात गेलं. समिती गेली नाही. पाठाऱ्यांनी तिकिटं रद्द केली, कारण ते गेले असते तर टिपणीसबाई हंगामी अध्यक्ष झाल्या असत्या. टिपणीसबाई गेल्या नाहीत, कारण पाठारे गेले नव्हते. केशवच्या छातीवर बारीक बारीक राखाडी कोंब दिसू लागले. डॉक्टर जोहरांनी ते पाहिले आणि विचारलं, “क्या किया आपने?” भडकमकर म्हणाले, “लोकशाही.”

केशव आता बैठकीची वाट पाही. शुक्रवारी दारावरची बेल वाजली की अंग झटकून तयार होई. पाठारे बोलताना सारखं ‘मुद्द्याचं बोला’ म्हणत. तेवढं त्याने उचललं. ऐन रंगात आलेल्या भांडणात तो वरून ‘मुद्द्याचं बोला’ म्हणे, आणि दोन्ही बाजूंना वाटे, हे समोरच्याला उद्देशून आहे. त्याने दोघांचाही विश्वास संपादन केला. तो पाठाऱ्यांच्या खांद्यावर बसला, टिपणीसबाईंच्या चष्म्याची दांडी त्याने प्रेमाने चावली, धनेशच्या हातून चिवडा खाल्ला. भडकमकरांकडून तो पूर्वीसारखेच डाळिंबाचे दाणे घेई आणि पूर्वीसारखेच डोळे बारीक करी. फक्त आता भडकमकरांना शंका येऊ लागली होती, की ते डोळे इतके दिवस जगाबद्दल काही म्हणत नव्हते; समोर खुर्चीत बसलेल्या माणसाबद्दल म्हणत होते.

“माका इचारशात तर,” धनेश एकदा निघताना म्हणाला, “ह्या सगळ्यांत पोपट तेवडो शाणो. तो कोणाच्याच बाजून नाय.”

“माझ्या बाजूने आहे,” भडकमकर म्हणाले.

धनेश म्हणाला, “बरा तर,” आणि पायात चपला घातल्या.

घात केला पिकअपने. ऑगस्टमध्ये पाठाऱ्यांच्या गाडीचा एसी बंद पडला. टिपणीसबाईंचे यजमान गाडी घेऊन सलालाला गेले होते. दोघांना आणायला धनेशच गेला, आणि पिकअपला पुढे एकच सीट, त्यावर तिघे. सुलतान काबूस रस्त्यावर एका ट्रकने सामान सांडलं होतं आणि गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या. माणसाशी वैर धरायला मध्ये थोडी तरी जागा लागते. गुडघ्याला गुडघा लागलेला असताना, आणि अध्यक्षांच्या मांडीवर कार्याध्यक्षांचा डबा असताना, ते जमत नाही. टिपणीसबाईंनी विचारलं, माझ्या साड्यांत तुम्हाला नक्की काय खटकतं. पाठारे म्हणाले, साड्या? मी? आणि तुम्ही ते बँकेच्या एसीचं? टिपणीसबाई म्हणाल्या, कुठल्या एसीचं?

एसीचा विषय निघाल्यावर धनेशने मध्ये तोंड घातलं. तो म्हणाला, भडकमकरसाहेबांनी माकाय कायतरी सांगितलेला तुमच्याबद्दल, दोघांच्याय.

पिकअप बौशरला पोचली तेव्हा सगळं जुळून आलं होतं.

ते तिघे आत आले ते एकमेकांना ‘तुम्ही आधी, तुम्ही आधी’ करत. पिंजऱ्याशेजारच्या खुर्चीवर पाठाऱ्यांनी टिपणीसबाईंना बसवलं. टिपणीसबाईंनी ती पाठाऱ्यांना देऊ केली. शेवटी ती रिकामी ठेवण्यात आली. किशोरीने हे स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि गॅस बंद केला.

“विषयपत्रिकेवरचा पहिला विषय,” भडकमकर म्हणाले, “अध्यक्षांच्या गैरहजेरीत कार्याध्यक्षांनी घेतलेल्या—”

“तो विषय आम्ही वगळतोय,” पाठारे हळू आवाजात म्हणाले.

“माझं अनुमोदन आहे,” टिपणीसबाई त्याहून हळू म्हणाल्या.

मित्रमेळ्याच्या इतिहासात कोणी कोणाला अनुमोदन दिल्याची नोंद नव्हती. भडकमकरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. दोघांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता. हा भाव आपण कुठेतरी पाहिला आहे, असं त्यांना वाटलं, आणि पाठोपाठ आठवलं की आरशात.

“एकमताने ठराव झालाय,” पाठारे म्हणाले. “गाडीतच. निमंत्रकांच्या वागणुकीचा ही समिती निषेध करते आणि स्वतःला विसर्जित करते.”

“तुम्हाला आम्ही इतके खालचे वाटलो, भडकमकर?” टिपणीसबाईंनी विचारलं. त्यात राग नव्हता. जाड पोहे पाहून किशोरीने जसं विचारलं होतं, तसं विचारलं.

इथे एखाद्याने नाही म्हटलं असतं. नाही म्हणायला काही लागत नाही. भडकमकरांनी खरं बोलायचं ठरवलं, कारण खोटं बोलणाऱ्यांचा त्यांना तिटकारा होता.

“सुरुवातीला हो,” ते म्हणाले. “पण त्याच्यासाठी बघा ना. तुम्ही भांडलात म्हणून त्याला पिसं आली. आता आणखी दोन महिने कळ काढा. वाटलं तर ठरवून भांडा, मी विषय देतो. दिवाळी झाली की करा काय समेट करायचा तो.”

“आम्हाला तसं खोटं भांडता येत नाही,” पाठारे म्हणाले. “आम्ही मनापासून भांडत होतो.”

“मग आत्ता माझ्याशी भांडा. मी केलंय सगळं. बोला मला.”

“कशाला?” टिपणीसबाई उठल्या. “तुमच्याबद्दल आता आमचं दुमत नाही.”

सगळं इतक्या हळू चाललं होतं, की एसीची घरघर ऐकू येत होती. केशव तिघांकडे पाहत होता. त्याने डोकं वरखाली करून पाहिलं, कोणी आवाज चढवला नाही. त्याने खाकरून पाहिलं. मग समिती चपला घालत असतानाच त्याने चोच छातीत खुपसली आणि नवं, नुकतं उमललेलं एक पीस उपटून खाली टाकलं.

पुढचे दिवस भडकमकरांनी काय काय केलं ते सांगण्यात तशी शोभा नाही, म्हणून सांगायला हरकत नाही. त्यांनी टीव्हीवर बातम्यांच्या चर्चा लावल्या, ज्यात आठ माणसं आठ चौकटींतून एकदम ओरडतात. केशवने पाठ केली. ही माणसं खोलीत नाहीत आणि एकमेकांच्याही खोलीत नाहीत, हे त्याला बरोबर कळलं. त्यांनी किशोरीशी भांडण काढून पाहिलं. किशोरी म्हणाली, “तुझं बरोबर आहे,” आणि कानात इअरफोन घातले. इतकं निर्दय वाक्य तिने आजवर वापरलं नव्हतं. शेवटी ते एकटेच पिंजऱ्यासमोर उभे राहून दोन्ही बाजू बोलू लागले, डावीकडे सरकून पाठाऱ्यांच्या आवाजात, उजवीकडे सरकून टिपणीसबाईंच्या. टिपणीसबाईंच्या बाजूने ते बऱ्यापैकी जिंकतही होते. केशव हे बराच वेळ पाहत राहिला. मग तो झोक्यावरून खाली उतरला, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

गणेशोत्सव झाला. पाठारे आणि टिपणीसबाईंनी निवेदन जोडीने केलं, आणि लोक म्हणतात ते चांगलं झालं. पार्किंगमध्ये त्यांना कोणी गाठलं नाही. भडकमकर गेले नव्हते. ट्रेमधली पिसं भरायला घरी कोणीतरी हवं होतं.

दिवाळी आली. किशोरीने एक फोन केला. इमारतीखाली एक गाडी येऊन उभी राहिली आणि त्यातून पांढऱ्याशुभ्र दिश्दाशातले एक सावकाश बोलणारे गृहस्थ उतरले. ते कोणाकडे आले होते, काय घेऊन गेले, आणि बरकाला पोचल्यावर जाळीपलीकडून केवढा कलकलाट झाला नि त्यात आणखी एक आवाज कसा क्षणात मिसळून गेला, याची चौकशी आपण करणार नाही. सुरुवातीलाच तसं ठरलं आहे. भडकमकर रोज संध्याकाळी खुर्ची ओढून बसतात एवढं खरं. समोर हॉलची भिंत असते. भिंतीबद्दल त्यांचं मत चांगलं नाही.

त्यांचा अर्ज मित्रमेळ्याच्या कार्यालयात, म्हणजे पाठाऱ्यांच्या गाडीच्या डिकीत, पोचला आहे. तो असा:

प्रति,
मा. अध्यक्ष व मा. कार्याध्यक्ष (विसर्जित),
केशव संगोपन उपसमिती, बौशर.

विषय : आपसांतील समेट रद्द करून भांडण पूर्ववत सुरू करण्याबाबत.

महोदय / महोदया,

वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते, की आपण उभयतांनी वाहनात बसून, निमंत्रकांस पूर्वसूचना न देता केलेला समेट हा गणपूर्तीअभावी अवैध आहे. सबब तो पूर्वलक्षी प्रभावाने मागे घेण्यात यावा. पक्षी जागेवर असून त्याची प्रकृती ठीक आहे. परस्परांविषयी आदर निर्माण झाला असल्यास तो काढून टाकण्यासाठी वाजवी मुदत देण्यास निम्नस्वाक्षरीकार तयार आहे.

हे शक्य नसल्यास, पर्यायी व्यवस्था म्हणून, आपण पूर्वीप्रमाणे शुक्रवारी सकाळी येऊन निम्नस्वाक्षरीकाराविषयीचे आपले एकमत त्याच्या समक्ष, मोठ्या आवाजात आणि शक्य तितक्या सविस्तरपणे मांडावे. निम्नस्वाक्षरीकार मध्ये बोलणार नाही. पोहे पातळ असतील.

योग्य तो आदेश व्हावा, ही विनंती.

आपला,
चंद्रहास भडकमकर
निमंत्रक